मक्याच्या पोंग्यातली अळी आणि शेजारचा ऊस



मका हे काही आपल्या कारखान्याचे पीक नव्हे. काटा उसाचा, बिल उसाचे, मग या पानावर मक्याची कहाणी कशाला, असे कोणी म्हणेल. पण दावणीला दोन संकरित गाई असलेल्या सभासदाच्या उसाशेजारी चाऱ्याच्या मक्याचा दहा-वीस गुंठ्यांचा तुकडा असतोच. कोणी पाटाच्या कडेने चार ओळी टाकतो, कोणी खोडवा मोडून दाण्याचा मका करतो. या मक्यात 2018 सालापासून जी अळी बसली आहे तिला ऊसही चालतो. म्हणून या खेपेला मका.

ही अळी मूळची अमेरिका खंडातली. तिकडे ती दोनशे वर्षांहून अधिक काळ शेतकऱ्यांच्या ओळखीची आहे. 2016 साली ती आफ्रिकेत सापडली आणि दोन वर्षांत बहुतेक आफ्रिका तिने व्यापली. मे 2018 मध्ये कर्नाटकात शिवमोग्ग्याकडच्या मक्यात ती दिसली. भारतातली ही पहिली नोंद. त्याच वर्षी पावसाळा सरता सरता ती आपल्या महाराष्ट्रात आली. सोलापूर जिल्ह्यात तांदुळवाडीला मक्यावर, आणि सांगली जिल्ह्यात घोगावला चक्क उसावर! तिचा पतंग वाऱ्याच्या साथीने एका रात्रीत शंभर किलोमीटर जाऊ शकतो. त्याला ना जकात नाका, ना जिल्ह्याची हद्द.

शास्त्रात तिचे नाव स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा. आपल्याकडे तिला ‘अमेरिकन लष्करी अळी’ म्हणतात आणि बोलताना नुसती ‘लष्करी’. हे नाव सोयीचे आहे, पण घोटाळ्याचेही आहे. तो घोटाळा किती महागात पडतो ते गेल्या श्रावणात टिटवाळ्याला पाहायला मिळाले.

आपल्या एका सभासदाची मुलगी कल्याण तालुक्यात दिलेली आहे. टिटवाळ्याच्या गणपतीला जायचे ठरले, तेव्हा मीही त्यांच्याबरोबर होतो. दर्शन झाले, आणि व्याह्यांनी आग्रह केला की रान बघितल्याशिवाय जायचे नाही. काळू नदीच्या अंगाला त्यांची भाताची खाचरे. वरकस जमिनीवर मात्र त्यांनी दहा गुंठे मका केला होता. हिशोब साधा होता. संकष्टीला, अंगारकीला टिटवाळ्यात माणूस मावत नाही. पावसाची सर, कोळशावर भाजलेले कणीस, त्यावर लिंबू नि तिखट-मीठ, आणि लगेच पैसे. भाताला असा रोखीचा गिऱ्हाईक कुठला मिळायला!

पण मका बघितला आणि आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो. छातीएवढे पीक, आणि निम्म्याहून अधिक झाडांचे पोंगे चिंध्या झालेले. पानांना ओळीने भोके, पोंग्यात ओल्या लाकडी भुशासारखी विष्ठा.

“लष्करी आहे ओ, म्हाईत आहे आम्हाला,” व्याही म्हणाले. “दोनदा औषध मारलं. बांधाकडेनं चर पण मारला. जातच नाही.”

चर! आता हा चर कशासाठी ते समजून घ्यायला हवे. कोकणात भातावर एक लष्करी अळी पिढ्यान्‌पिढ्या येते. भात पिकायला लागले की ती रात्री चुडावर चढून लोंब्या कुरतडते आणि दिवसा बुंध्यात किंवा ढेकळाखाली लपते. एक खाचर संपले की झुंडीने दुसऱ्यात शिरते, म्हणूनच ती लष्करी. तिच्यासाठी कोकणातला जाणता शेतकरी खाचरात पाणी धरतो, झुंडीच्या वाटेत चर खणतो, बेडूक मारू देत नाही. हे सगळे त्या अळीपुरते बरोबरच आहे. पण मक्यातली ही अमेरिकन अळी अशी फौज घेऊन बांधावरून चालून येत नाही. तिचा पतंग उडत येतो आणि पानावर अंडी घालून जातो. चर खणून ती अडायची कशी? आणि औषध त्यांनी मारले होते पानांच्या वरून, भातावर मारतात तसे, उन्हाच्या वेळी. अळी तर पोंग्याच्या बुडाशी, वर स्वतःच्याच भुशाचे बूच मारून बसलेली. औषध तिच्यापर्यंत पोचलेच नाही.

आमचे सभासद चेष्टेने म्हणाले, “पाहुणं, तुमची लष्करी पायदळातली, ही विमानातली.” पण हसून झाल्यावर त्यांनाही आपल्या घरच्या चाऱ्याच्या मक्याची आठवण झाली असावी, कारण परतीच्या गाडीत कसाऱ्यापर्यंत त्यांनी दुसरा विषय काढला नाही.

ओळखायची कशी?

आपल्या भागात मक्यावर पूर्वीपासून खोडकिडा आहे, गुलाबी अळी आहे, कणसाच्या तुऱ्यावर हरभऱ्यातली घाटेअळी येते, मावा येतो. म्हणून मक्यात अळी दिसली की ती अमेरिकनच असे धरू नये. अळी हातात घ्या. चावत नाही. डोक्यावर कपाळाच्या जागी फिकट रंगाची उलटी ‘वाय’ अक्षराची खूण दिसेल. मग शेपटीकडून दुसऱ्या वळ्यावर बघा. चार काळे ठिपके चौकोनात मांडलेले असतात, फाशावरच्या चौक्यासारखे. या दोन खुणा मिळाल्या की शंका नको. अळी हिरवट असेल, तपकिरी असेल, काळपट असेल. रंगावर जाऊ नका, रंग बदलतो. अगदी लहान अळीवर या खुणा नीट दिसत नाहीत, तेव्हा पानावरचा घाव वाचावा लागतो.

घाव वाचणे ही खरी विद्या. अळी अंड्यातून निघाली की पहिले काही दिवस पानाचा हिरवा भाग खरवडून खाते, पापुद्रा तसाच ठेवते. पानावर लहान लहान पांढरट, कागदासारखे चट्टे दिसतात. उन्हाकडे धरले तर आरपार उजेड दिसतो. अळी थोडी मोठी झाली की भोके पडतात. पोंग्यात गुंडाळलेल्या पानाला एकदा भोक पडले की पान उलगडल्यावर तीच भोके आडव्या रांगेत दिसतात. त्यानंतर पान फाटते, झालर होते, पोंग्यात भुसा साठतो. म्हणजे चट्टे दिसले तर अळी लहान, भुसा दिसला तर अळी मोठी. या एका वाक्यात पुढचा सगळा खर्च ठरतो.

खोडकिड्याचाही प्रताप रांगेतल्या भोकांपासून सुरू होतो, म्हणून गोंधळ होतो. पण खोडकिडा लवकरच खोडात शिरतो. मधला पोंगा सुकतो आणि हाताने ओढला की सहज निघून येतो. उसातली पोंगामर आपण सर्वांनी पाहिली आहे, तसाच हा प्रकार. लष्करी अळीने खाल्लेला पोंगा फाटका असतो, घाणेरडा असतो, पण बहुधा हिरवा आणि घट्ट असतो. अगदी कोवळ्या, दोन-तीन आठवड्यांच्या रोपात मात्र तिनेही पोंगामर होते. अंड्यांतही फरक आहे. खोडकिड्याची अंडी चपटी, खवल्यांसारखी एकावर एक आणि उघडी असतात. लष्करीचा पुंज शे-दोनशे अंड्यांचा, आणि त्यावर मादीने आपल्या अंगाची लव पांघरलेली, जणू पानाला बुरशी लागली आहे. एक मादी आयुष्यात हजार-दीड हजार अंडी घालते. पण एक पुंज अंगठ्याने चिरडला म्हणजे दीडशे अळ्यांचा निकाल तिथेच लागला. त्याला ना पंप लागतो, ना उधारी.

वेळेचा हिशोब

अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात. अळी दोन ते तीन आठवडे खाते आणि त्यात सहा वेळा अवस्था पालटते. मग जमिनीत दोन-तीन इंच खाली जाऊन कोष करते. उन्हाळ्यात आठ-नऊ दिवसांत पतंग बाहेर. म्हणजे उष्ण दिवसांत महिन्याला एक पिढी, थंडीत जरा लांबते. ती एकूण जेवढे खाते त्याचा मोठा वाटा शेवटच्या अवस्थेत, शेवटच्या काही दिवसांत खाते. त्यामुळे शेतकऱ्याच्या डोळ्यांत नुकसान भरते तेव्हा अळीचे जेवण जवळजवळ आटोपलेले असते. तेव्हा महागडे औषध आणून मारले, आणि आठवड्याने पोंग्यात अळी दिसली नाही, की माणूस म्हणतो, “लागू पडलं बघा औषध!” अहो, ती कोषात जायला आपल्या पायांनी खाली उतरली. पुढच्या महिन्यात तिचाच पतंग शेजारच्या मक्यात अंडी घालणार. दुकानदार खूश, शेतकरी खूश आणि अळीही खूश.

टिटवाळ्याच्या व्याह्यांचे दुसरे औषध याच मोसमात मारलेले होते. दुकानातून दोन औषधे एकत्र करून मिळालेली. आणि कणसे तर पंधरवड्यात भाजायला जायची! हे मात्र आम्ही स्पष्ट बोललो. देवदर्शनाला आलेल्या लेकराबाळांच्या हातात जाणारे कणीस आहे. तुरा आला, कणसाला केस सुटले, की मक्यावर फवारणी बंद. त्यानंतर दिसतील तेवढ्या अळ्या हाताने वेचायच्या. त्यांनी ऐकले, आणि घरातल्या पोरांना बाटली घेऊन रानात पाठवले. साबणाच्या पाण्यात अळ्या मरतात.

तेव्हा सगळी लढाई पहिल्या तीस-पस्तीस दिवसांत आहे. उगवणीपासून आठवड्यातून दोनदा रानात फिरा. बांधावरून नजर टाकून चालत नाही. कडेच्या तीन-चार ओळी सोडून आत नागमोडी चाला, पाच ठिकाणी थांबा, प्रत्येक ठिकाणी वीस झाडे वाकून पाहा. शंभर झाडे झाली. शंभरात पाच झाडांवर चट्टे किंवा पुंज दिसले की जागे व्हा. एकरी पाच कामगंध सापळे उगवणीबरोबरच लावले तर पतंग आल्याची वर्दी आधी मिळते. सापळ्यातले आमिष याच अळीचे हवे. कपाशीच्या बोंडअळीचे आमिष लावून पतंग येत नाही म्हणणारे शेतकरी आहेत.

या टप्प्यावर पाच टक्के निंबोळी अर्क किंवा 1500 पीपीएमचे अझाडिरॅक्टिन लिटरला 5 मिली पुरते. अर्क अंड्यांवर व लहान अळीवर चालतो, मोठीला तो आंघोळ घातल्यासारखा. कोवळ्या पोंग्यात नऊ भाग वाळू आणि एक भाग चुना मिसळून चिमूट चिमूट टाकण्याचा उपायही कृषी शास्त्रज्ञांनी सुचवला आहे. दहा गुंठ्यांत तो सहज जमतो, पाच एकरांत कोणी करील असे मला वाटत नाही. पावसाळी दमट हवेत मेटारायझियम बुरशीची भुकटी लिटरला 5 ग्रॅम घेऊन पोंग्यात फवारावी. हुमणीसाठी हे नाव आपल्याला नवे नाही. ओलाव्यात कधी कधी नोमुरिया नावाची बुरशी आपसूक येते, आणि अळ्या पोंग्यातच कडक होऊन पांढऱ्या-हिरवट भुकटीने माखलेल्या दिसतात. अशा मेलेल्या अळ्या दिसल्या तर फवारणीची घाई करू नका, निसर्गाने काम हाती घेतले आहे. जोराचा पाऊस झाला तरी पोंग्यात पाणी भरून बऱ्याच लहान अळ्या बुडतात.

एवढे करूनही शंभरात दहा-वीस झाडे खराब दिसली आणि तुरा यायला अवकाश असला तर रासायनिक औषध घ्यावे. क्लोरँट्रानिलीप्रोल 18.5 एससी लिटरला 0.4 मिली, किंवा स्पिनेटोरम 11.7 एससी लिटरला 0.5 मिली. दोन्ही एकदम नव्हे, आणि पुढच्या वेळी औषध बदलून. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, नोझल थेट पोंग्यावर धरून. अळी मुख्यतः रात्री खाते. बारा वाजता मारलेले औषध उन्हाला अर्पण. जुनी मंडळी पोंग्यात फोरेटचे दाणे टाकीत. फोरेटवर 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे. कोणाच्या गोठ्यात जुनी पिशवी पडली असेल तर ती वापरू नये.

चाऱ्याच्या मक्याची अडचण

आता खरा अवघड मुद्दा. शास्त्रज्ञ सांगतात की गावाने मका एकाच वेळी पेरावा, म्हणजे अळीला सतत कोवळा पोंगा मिळणार नाही. बरोबर आहे. पण गाईला रोज वैरण लागते. म्हणून आपण पंधरा-पंधरा दिवसांनी तुकडे पेरतो. एक कापणीला, एक गुडघ्याएवढा, एक नुकता उगवलेला. अळीच्या दृष्टीने ही बारमाही खाणावळ झाली. जुन्या तुकड्यातला पतंग दहा पावलांवर नव्या तुकड्यात अंडी घालतो.

दूध बंद करा असे कोणी म्हणणार नाही, उसाच्या दोन हप्त्यांमधला घरखर्च दुधावर चालतो. पण काही गोष्टी हातात आहेत. मोठा तुकडा एकदम पेरून त्याचा मुरघास केला तर पेरण्यांची संख्या घटते, आणि कुट्टीत व खड्ड्यात अळ्याही संपतात. जमत नसेल तर मधला एखादा तुकडा चवळीचा किंवा लसूणघासाचा करावा. कापलेल्या तुकड्याची लगेच नांगरट करावी, कोष वर येतात आणि बगळे, साळुंक्या ते टिपतात. आणि उभ्या चाऱ्यावर रासायनिक औषध मारू नये. मारावेच लागले तर वेष्टनावर दिलेली मुदत संपल्याशिवाय एक पेंढीसुद्धा जनावरापुढे टाकू नये. गाईच्या पोटात गेलेले दुधात उतरते, आणि ते दूध पहिल्यांदा आपल्याच घरात तापते.

राहिला ऊस. 2018 ला घोगावची बातमी आली तेव्हा पुष्कळांच्या पोटात गोळा आला होता. 2002 सालचा लोकरी मावा आठवला असणार. तशी वेळ आलेली नाही. ही अळी उसात मक्याएवढी रमलेली दिसत नाही. कोवळ्या उसाची पाने खाते, पण ऊस फुटवे करून सावरतो. जपायचे ते कोवळ्या लावणीला आणि नुकत्या फुटलेल्या खोडव्याला. जुलै-ऑगस्टची आडसाली लावण आणि शेजारी महिन्याभराचा मका अशी जोडी असेल तर मक्याकडच्या चार-पाच सऱ्यांचे पोंगे आठवड्याला बघत जा. मका कापला की पोटभर न झालेल्या अळ्या उरतात, त्या शेजारच्या सरीत सरकतात. म्हणून तिथला मका कापण्याआधी अळी पाहावी, मागाहून नव्हे. उसात आंतरपीक म्हणून मका तर घेऊच नये. तो उसासारखाच खादाड आणि किडीही त्याच. हरभरा, भुईमूग, कांदा, मूग आहेत की!

लोकरी माव्याच्या वेळी काय झाले ते विसरू नका. सुरुवातीला धडाधड फवारण्या झाल्या, पण मावा खऱ्या अर्थाने आटोक्यात आणला तो डिफा, मायक्रोमस आणि एन्कार्शिया या मित्रकीटकांनी. कारखान्यांनी आणि शेतकऱ्यांनी ते एका फडातून दुसऱ्या फडात पाने नेऊन पसरवले. लष्करी अळीच्या अंड्यांवरही टेलेनोमस रेमस नावाची बारीक गांधीलमाशी काम करते. पुंजावरच्या लवेचा तिला फारसा अडसर होत नाही, हा तिचा मोठा गुण. खोडकिडीसाठी आपण ट्रायकोकार्ड लावतोच. ज्यांनी कार्ड लावले आहेत त्यांनी त्या आठवड्यात शेजारच्या मक्यावर जहाल औषध मारू नये, इतके तरी शेजाऱ्याशी बोलून ठरवावे. हुमणीचे भुंगेरे लिंबा-बाभळीवरून गावाने मिळून गोळा केले तरच उपयोग होतो, एकट्याने केले तर नाही, हे आपल्याला पाठ आहे. इथेही बांध दोघांचा असतो.

शंका असेल तर गट कार्यालयात येताना अळी घेऊन या. फोटो चालतो, पण पोंग्यातला अंधारा फोटो कोणालाच कळत नाही. एका काडेपेटीत एकच अळी टाका, दोन टाकल्या तर येईपर्यंत एकच शिल्लक राहील, कारण त्या एकमेकींना खातात. बरोबर खाल्लेले एक पान आणा, आणि पेरणीची तारीख लिहून आणा. चिटबॉयकडे दिले तरी चालेल.